ऑपरेशन रद्द करायला लावणाऱ्या सिस्टरांना

सिस्टर,

मी तुम्हाला आठवत नसेन. टमी टकच्या, म्हणजे पोटाची लोंबणारी कातडी काढायच्या ऑपरेशनच्या, आदल्या संध्याकाळी बीपीचा पट्टा गुंडाळता गुंडाळता तुम्ही सहज विचारलंत, "शेवटची सिगारेट कधी?" फॉर्मवर मी 'सोडली' लिहिलं होतं. तोंडातून निघून गेलं, "आज सकाळी. पण एकच." तुम्ही सर्जनना कळवलंत आणि ऑपरेशन रद्द झालं. त्या रात्री मनातल्या मनात तुम्हाला काय काय म्हणालो, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

58 किलो उतरवले होते. लोंबणारं पोट पँटमध्ये खोचावं लागायचं, घडीखाली सतत ओल आणि पुरळ. ते एकदाचं कापून टाकायचं, एवढंच डोक्यात. सर्जननी धोके नीट सांगितले होते, मी नंदीबैलासारखी मान हलवून सही केली होती. तुम्ही मात्र खुर्ची ओढून बसलात आणि माझ्याच पोटाची घडी चिमटीत धरून दाखवलीत. ही कापणार, वरची कातडी सोडवून खाली ओढणार, या कमरेपासून त्या कमरेपर्यंत शिवणार. ओढलेल्या कातडीला रक्त आधीच जेमतेम पोचतं, त्यात निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळल्या की ती काळी पडते, टाके उसवतात. निकोटिनचं च्युइंगमही चालत नाही, हे मला तेव्हा कळलं. वर माझे रिपोर्ट चाळत म्हणालात, "हिमोग्लोबिन कमी, प्रथिनं कमी. जखम भरणार कशाने?" वजन उतरवण्यासाठी केलेल्या बेरियाट्रिक सर्जरीनंतरच्या गोळ्या मी कंटाळून सोडल्या होत्या, तेही तुम्ही काढून घेतलंत.

तीन महिन्यांनी ऑपरेशन झालं. सगळं सुरळीत झालं असं नाही. ड्रेन, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी, काढल्यावर आठवड्याभरात पोटाच्या कातडीखाली पाणी डुचमळायला लागलं, ते दोनदा सुईने काढावं लागलं. टाक्यांच्या मधोमध, जिथे ताण सगळ्यात जास्त असतो तिथे, नखाएवढी जागा उघडली आणि महिनाभर ड्रेसिंग चाललं. घरचे घाबरले. मी नाही, कारण दोन्ही गोष्टी तुमच्या तोंडून ऐकल्या होत्या. खरी भीती तुम्ही वेगळीच घालून ठेवली होती: एकाच पोटरीला सूज आली, धाप लागली, तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही, रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. गुठळी होऊ नये म्हणून पहिल्याच संध्याकाळी कमरेत वाकून, भिंत धरून वॉर्डभर चाललो.

बेंबीखालचा भाग अजून बधिर आहे. परवा बेल्टचं बक्कल रुतून वळ उठला होता, आंघोळीच्या वेळी दिसला तेव्हा कळलं.

एक कबुली राहिली. रद्द झालं त्या रात्री मी तक्रारवहीत तुमच्याविरुद्ध चार ओळी खरडल्या होत्या. डिस्चार्जच्या दिवशी ते पान शोधून खाली 'तक्रार मागे घेतो' असं लिहून सही केली. तुम्हाला भेटायला गेलो, तर बदली झाल्याचं कळलं. म्हणून हे असं, सगळ्यांसमोर.

तुमचा,
खोटं बोलणारा पेशंट