मामाचे हॉटेल आणि भाच्याची शाळा

महोदय,

बार्शीत माझे वडिलोपार्जित किराणा दुकान असून सातवीत शिकणारा माझा मुलगा सुट्टीच्या दिवशी मदतीला येतो. हे कायद्याला धरून आहे का, याची शहानिशा करण्यासाठी मी बालकामगार कायद्यातील 2016 ची दुरुस्ती आणि 2017 चे नियम वाचून काढले.

14 वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवता येत नाही. मात्र शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, धोकादायक नसलेल्या घरच्या व्यवसायात त्याने हातभार लावण्यास मुभा आहे. या मुभेला नियमांनी घातलेल्या मर्यादा मला मनापासून पटतात. संध्याकाळी 7 ते सकाळी 8 या वेळेत काम नको, दिवसाला 3 तासांहून अधिक नको, गृहपाठ बुडता कामा नये आणि मोठ्या माणसाच्या जागी मुलाला उभे करायचे नाही. आमच्याकडे गिऱ्हाइकांची खरी गर्दी 7 नंतरच होते, तरीही त्या वेळी मुलगा घरी अभ्यासालाच बसतो.

माझी तक्रार वेगळी आहे. कायद्यातील 'कुटुंब' या शब्दात आई-वडील आणि भावंडांबरोबर काका, आत्या, मामा आणि मावशीही येतात. आपल्याकडच्या नात्यांच्या दृष्टीने हे स्वाभाविक असले, तरी शिक्षणासाठी म्हणून गावाकडून आणलेला मुलगा मामाच्या हॉटेलात पहाटेपासून कपबशा विसळत असेल, तर नियम मोडला जात असूनही "भाचा आहे माझा" या एका उत्तरापुढे विचारणारा गप्प होतो. गेल्या वर्षी हे उत्तर मी स्वतः ऐकले आणि पुढे काही न विचारता निघून आलो, याची खंत अजून आहे.

न कळवता सलग 30 दिवस गैरहजर राहिलेल्या विद्यार्थ्याची माहिती मुख्याध्यापकांनी नोडल अधिकाऱ्याला (या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला) द्यावी, असा नियम आहे. पण गावच्या शाळेतून दाखला काढून आणलेला आणि इथे कोणत्याच पटावर नसलेला मुलगा त्यात सापडणार कसा?

म्हणून ही मुभा आई-वडिलांच्या व्यवसायापुरतीच ठेवावी, आणि अनाथ मुलाला सांभाळणाऱ्या नातेवाइकाकडून त्याच्या शाळेतील हजेरीचा दाखला मागावा. शिवाय 20 पेक्षा कमी कामगार असलेल्या आमच्यासारख्या दुकानांना राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार आपल्या व्यवसायाची सूचना कामगार विभागाला ऑनलाइन द्यावी लागते. तिच्या पावतीवर हे वेळेचे नियम ठळक मराठीत छापावेत, अशी कामगार विभागाला विनंती आहे.

– एक किराणा दुकानदार, बार्शी