फुंकणी नव्हे, बशी

फिजिओथेरपीच्या ताईंना,

मी सांगतेय आणि नातू मोबाईलवर लिहितोय. तुमचं नाव घालू नको म्हटलंय त्याला. पण वाचलंत की ओळखालच. वाळवा तालुक्यातून एसटीनं सांगलीला यायची आणि पहिल्याच दिवशी पिशवीतली सगळी औषधं तुमच्या टेबलावर ओतली होती, ती मी.

त्यात कॅप्सूलची एक डबी होती. "या कशा घेता?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, पाण्याबरोबर. तुम्ही हसला नाहीत. दोन वर्षं गिळत होते मी त्या! मशिनात घालून तोंडानं ओढायच्या असतात, हे लिहून देणाऱ्यानं कधी करून दाखवलं नव्हतं. तुम्ही पाच वेळा करून घेतलंत. ओढून झाल्यावर दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखायचा, मग चूळ भरायची.

बिडी कधी तोंडाला लावली नाही, तरी बिडीवाल्यांचा हा फुप्फुसांचा आजार मला कसा, हा माझा राग होता. तुम्ही चुलीचं विचारलंत. चाळीस वर्षं शेणी आणि चिपाडं, दुसरं काय. पण आता गॅस आहे, असं मी ठसक्यात सांगितलं. "आणि अंघोळीचं पाणी?" बाई गं! बंब रोज पहाटे मीच पेटवत होते. आजवर एवढ्या दवाखान्यांत गेले, हे एकानं विचारलं नव्हतं. लेकानं महिन्याभरात गीझर बसवला.

मग श्वास. नाकानं घ्या, ओठांचा चंबू करून सोडा, म्हणालात. मी सोडला तो फुंकणीत सोडतात तसा, जोर लावून, चक्करच आली. तुम्ही म्हणालात, "आजी, फुंकणी नव्हे, बशी. चहा निववायला घातलाय असं समजा." तेवढ्यावर जमलं. घ्यायला दोन आकडे, सोडायला चार. आता पाण्याची कळशी उचलतानाही श्वास सोडतच उचलते.

एक सांगायचं राहिलं होतं. "फुप्फुसं पहिल्यासारखी होणार नाहीत, पाय मात्र सुधारतील," असं तुम्ही म्हणालात त्या दिवशी मी घरी येऊन सुनेला सांगितलं, परत जाणार नाही. बरं होणार नाही तर एसटीचे पैसे कशाला घालवायचे? तुम्ही फोन करून समजावलंत. दम लागतो म्हणून माणूस बसून राहतो, बसून पाय लुळे पडतात, आणि लुळ्या पायांना चार पावलांनाही जास्त हवा लागते. हे पटलं, कारण बसून बसून मला न्हाणीपर्यंत जाणंही जड झालं होतं.

आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा. खुर्चीतून उठणं-बसणं, हातात पाण्यानं भरलेल्या लिटरच्या बाटल्या, बोटाला ते ऑक्सिजन मोजायचं चिमट्याचं यंत्र. पहिल्या दिवशी सहा मिनिटांत 210 मीटर चालले, दोनदा भिंतीला टेकून. शेवटच्या दिवशी 265, न टेकता. तीस मीटर वाढले तरी खरा फरक धरतात म्हणालात, तेव्हा मी घरी जाताना पेढे घेतले.

त्रास किती वाढला की काय करायचं, हे सांगणारा तुमचा हिरव्या-पिवळ्या-लाल रंगांचा कागद फ्रिजवर चिकटवलाय. डिसेंबरात शेजारच्या रानात पाचट पेटवलं. दोन दिवसांनी बेडका हिरवट झाला, दमही वाढला. म्हणजे पिवळा रकाना. पूर्वी मी कुणाला सांगितलं नसतं, मध्यरात्री गाडी शोधायची वेळ येईपर्यंत. या खेपेला सकाळीच फोन केला आणि डॉक्टरांनी आधीच लिहून ठेवलेल्या गोळ्या त्यांना विचारून सुरू केल्या. आदल्या वर्षी दोनदा ॲडमिट झाले होते. या वर्षी अजून एकदाही नाही.

तुम्हाला पगार किती मिळतो माहीत नाही, पण त्यात फोनवर म्हाताऱ्यांची समजूत काढायचे पैसे धरलेले नसणार. म्हणून हे पत्र. शेंगदाण्याचे लाडू वेगळे पाठवतेय.

आणि जोतिबाला जायचं ठरवलंय. देवळाकडं पायऱ्या उतरताना नाही, परत वर येताना बघावं लागेल. दहा पायऱ्या चढले की थांबायचं, बशीवर फुंकर, मग पुढं. चैत्र यात्रेत नाही जाणार, तुम्ही ओरडायच्या आधीच सांगते. गुलाल खाली बसू दे, मग जाईन.

तुमची,
बंबवाली आजी