खरेदीदाराच्या शेवटच्या फेरीला दार कोणी उघडायचं

न्यू जर्सी

ती. दादा आणि वहिनी,
सा. न. वि. वि.

दादा, तुझा निरोप मिळाला. "ती माणसं घर शेवटचं बघायला येणार आणि आपल्यापैकी कोणीच हजर नाही, हे बरं दिसत नाही. तू जा, दार उघड, सगळं समजावून सांग." तुझ्या मनातलं कळतं मला. तुम्ही दोघं तिकडे भारतात, विकायला काढलेलं घर इकडे, आणि शेवटच्या दिवशी घरात आपलं कोणी नाही, हे मनाला लागणारच. पण त्या वेळी मी घरात थांबणार नाही. का, ते सविस्तर लिहितो, कारण फोनवर हा विषय दर वेळी अर्धा राहतो.

इकडे या फेरीला फायनल वॉकथ्रू म्हणतात. ही पाहुण्यांची भेट नाही, आणि इन्स्पेक्शनही नाही. ते करारानंतर लगेच होऊन गेलं. आता खरेदीदार तीनच गोष्टी बघतो. करार करताना घर होतं तसंच आहे का, आपण कबूल केलेली दुरुस्ती झाली का, आणि घर रिकामं करून, ठेवायच्या वस्तू मात्र जागेवर ठेवून दिलंय का. त्याच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचं आहे. डीड, म्हणजे मालकी हस्तांतराचा दस्त, हाती पडली की घराच्या स्थितीबद्दलच्या करारातल्या बऱ्याच अटी डीडमध्ये विलीन झाल्या असं कोर्टं मानतात. फसवणूक झाली असेल, किंवा एखादी अट क्लोजिंगनंतरही, म्हणजे पैसे आणि डीड यांची देवाणघेवाण होऊन व्यवहार पुरा झाल्यावरही, लागू राहील असं लिहून ठेवलं असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणजे मनमोकळेपणाने तक्रार करायची त्याची ही शेवटची संधी. ती त्याला पुरेपूर मिळावी यातच आपलंही हित आहे.

म्हणून दार उघडायचं ते त्याच्या एजंटाने. घरमालक किंवा त्याचा भाऊ दारात उभा असला की माणूस भिडेला पडतो. तो कपाट उघडून बघत नाही, नळ दहा मिनिटं सोडून ठेवत नाही, बायकोशी हळू आवाजात बोलतो आणि वीस मिनिटांत "सगळं छान आहे" म्हणून निघतो. मग राहायला आल्यावर सिंकखालची ओल दिसते आणि आपल्याला वकिलाचं पत्र येतं. तीच ओल आदल्या दिवशी दिसली असती तर प्लंबर बोलावून किंवा थोडे पैसे कमी करून विषय तिथल्या तिथे मिटला असता.

दुसरं कारण बोलण्याचं. आपण माणसं बोलकी. "मोठा पाऊस झाला की तळघराच्या त्या कोपऱ्यात जरा ओल येते, पण लगेच सुकते" हे वाक्य मी अगदी सरळ मनाने बोलून जाईन. ते तुझ्या डिस्क्लोजर फॉर्ममध्ये, म्हणजे घराचे दोष कळवायच्या फॉर्ममध्ये, नसेल, तर क्लोजिंगच्या आदल्या दिवशी नवाच प्रश्न उभा राहतो. "बघू, करून देऊ" हे तर त्याहून वाईट. आपल्या तोंडी ती समजूत असते, समोरच्याच्या कानी ते वचन असतं. जे काही सांगायचं ते कागदावर आणि एजंटामार्फत.

एक पेच मात्र लक्षात ठेव. १७ ऑगस्ट २०२४ पासून नियम बदलले. रिअल्टर म्हणजे घरांच्या एजंटांच्या संघटनेच्या, विक्रीच्या घरांची यादी ठेवणाऱ्या लिस्टिंग व्यवस्थेतल्या एजंटाला खरेदीदाराला घर दाखवण्याआधी त्याच्याशी लेखी करार करावा लागतो, आणि एजंटाचा मोबदला त्यात स्पष्ट लिहावा लागतो. त्यामुळे काही खरेदीदार एजंटाशिवायच व्यवहार करतात. तुझ्या खरेदीदाराला एजंट आहे, तेव्हा अडचण नाही. पण आयत्या वेळी त्याचा एजंट येऊ शकला नाही, तर दार आपल्या लिस्टिंग एजंटाने, म्हणजे विक्रीसाठी आपण नेमलेल्या बाईने, उघडायचं, मी नाही. आणि तिनेही दार उघडून बाजूच्या खोलीत थांबायचं, मागे मागे फिरायचं नाही. ती आपली बाजू बघणारी आहे हे खरेदीदाराला ठाऊक असतं, म्हणून तिने खुलासे करत सुटणं त्याला मदतीपेक्षा घाईच वाटते. शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवायची तुझी सूचना तर नकोच. दाराला अडकवलेली किल्लीची पेटी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक लॉकबॉक्स, कोणत्या एजंटाने किती वाजता उघडली याची नोंद ठेवते. काही हरवलं, नळ उघडा राहिला, तर ती नोंदच उपयोगी पडते. साध्या आकड्यांच्या पेटीत किंवा शेजाऱ्याच्या खिशात अशी नोंद कुठून येणार?

बिल्डरकडून नवं घर घेताना मात्र बिल्डरचा माणूस हजर असावाच लागतो, कारण तिथे राहिलेल्या कामांची यादी जागेवर बनवून त्याची सही घ्यायची असते. कोणीतरी तुला "आमच्या वेळी तर होता" असं सांगितलं असेल तर ते नव्या घराचं असणार.

वहिनी, तुम्ही कॅमेऱ्याचं विचारलं होतंत. दारावरचा कॅमेरा आणि बैठकीतला कॅमेरा, दोन्ही त्या दिवसापुरते बंद ठेवा. तिकडून बघत बसायचा मोह होईल, पण बोलणाऱ्यांपैकी एकाचीही संमती नसताना त्यांचं खासगी संभाषण टिपणं इथल्या केंद्रीय कायद्याने गुन्हा ठरू शकतं. आणि घरात कॅमेरा लुकलुकताना दिसला की तो मालक दारात उभा असल्यासारखाच.

आता मी काय करणार ते. मी जाणार, पण फेरीच्या आदल्या दिवशी. घर महिनाभर बंद आहे, आणि बंद घर त्याच्या खोड्या नेमक्या शेवटच्या फेरीत दाखवतं.

पहिली खोड वासाची. प्रत्येक सिंक, टब आणि तळघरातल्या जमिनीवरच्या जाळीखाली वाकडा पाइप असतो. त्यात साठलेलं पाणी गटाराची हवा अडवून धरतं. वापर नसला की हे पाणी काही आठवड्यांत उडून जातं आणि घरभर सडका वास सुटतो. खरेदीदाराला वाटतं सांडपाण्याची लाइन फुटली. तळघराची जाळी कोणाच्याच लक्षात राहत नाही, कारण तिथे नळ नसतो. मी प्रत्येक ठिकाणी तांब्याभर पाणी ओतेन, जाळीत जरा जास्त, आणि वरून दोन चमचे तेल. तेलाचा पातळ थर वर तरंगला की पाणी सावकाश उडतं. वरच्या मजल्यावरच्या पाहुण्यांच्या बाथरूमचा फ्लशही ओढेन, टाकी भरून थांबते का बघेन. पाणी झिरपत राहिलं तर आतला रबरी पडदा कडक झालाय असं समजायचं. तो बदलायला दहा मिनिटं लागतात.

दुसरी पाण्याची. तू जाताना मुख्य व्हॉल्व्ह बंद केलास ते योग्यच केलंस. पण तो उघडायचं काम खरेदीदाराच्या एजंटावर टाकायचं नाही. तो करणारही नाही, आणि करू नयेच. व्हॉल्व्ह एकदम उघडला तर पाइपांतली हवा धडधडत येते आणि जुना सांधा तिथेच गळायला लागतो. वरचा एक नळ उघडा ठेवून व्हॉल्व्ह पाव फेरा, मग अर्धा, असा हळूहळू उघडेन. सुरुवातीचं पाणी तांबूस येईल. नळांच्या तोंडच्या जाळ्या आधी काढून ठेवल्या नाहीत तर त्यांत गाळ अडकतो आणि नळाला धारच येत नाही. मग खरेदीदाराला वाटतं घराला पाण्याचा दाबच नाही. वॉटर हीटरची टाकी पूर्ण भरल्याशिवाय तो सुरू करणार नाही. विजेच्या हीटरमध्ये पाणी नसताना कॉइल चालू झाली तर ती जळून जाते. तुझा गॅसचा आहे, तो मी सुट्टीच्या खुणेवरून नेहमीच्या जागी आणेन. गरम पाणी यायला तासभर तरी जातो, म्हणून हे आदल्या दिवशीच व्हायला हवं.

मग वरचा टब अर्धा भरून एकदम सोडायचा आणि खाली येऊन स्वयंपाकघराच्या छताकडे बघायचं. नळ चालू असताना न दिसणारी गळती टब रिकामा होताना दिसते, कारण ती सांडपाण्याच्या पाइपात असते. हेच त्याचा एजंटही करणार आहे. त्याच्या आधी मला कळलेलं बरं.

सामान नेणाऱ्यांनी फ्रिज हलवला की मागची बर्फाची बारीक नळी नुसती उपसून ठेवतात. तिचा व्हॉल्व्ह बंद आहे का, बोट लावून बघेन. वॉशिंग मशीन तुम्ही नेलं, तेव्हा तिथल्या दोन्ही तोट्यांना टोप्या लावायच्या. बाथरूमचा एखादा प्लग बंद दिसला तर लगेच इलेक्ट्रिशियन नको. बऱ्याचदा दुसऱ्याच बाथरूममधल्या किंवा गॅरेजमधल्या प्लगवरचं बटण उडालेलं असतं. ते दाबलं की दोन्ही चालू होतात. थंडीत व्यवहार झाला तर थर्मोस्टॅट १३ अंश सेल्सियसच्या खाली नको, म्हणजे तुला आठवत असलेले ५५ फॅरनहाइट. स्मार्ट थर्मोस्टॅट तुझ्या खात्यातून क्लोजिंगनंतरच काढ. आधी काढलास तर फेरीच्या वेळी हीटिंग सुरू करून दाखवता येणार नाही. वीज, गॅस, पाणी ही कनेक्शनंही क्लोजिंगच्या दिवसाच्या आधी तोडू नकोस. पैसे वाचवायला लोक आधी तोडतात, मग अंधारात टॉर्च घेऊन फेरी होते आणि क्लोजिंग पुढे जातं.

न्यू जर्सीची खास गोष्ट म्हणजे अग्निशामक सिलिंडर. विक्रीआधी स्मोक अलार्म आणि कार्बन मोनॉक्साइड अलार्मसोबत तोही तपासला जातो. स्वयंपाकघरापासून १० फुटांच्या आत, भिंतीला टांगलेला, वजनाने १० पौंडांपर्यंतच हवा. प्रमाणपत्र मिळाल्यावर सामानवाले तो खोक्यात घालून घेऊन जातात, म्हणून मुद्दाम लिहिलं. पडद्यांचे रॉड आणि टीव्हीची भिंतीतली पट्टी सहसा घराबरोबर जाते, टीव्ही आणि पडदे तुमचे. तरी करारातली यादी एकदा काढून वाच. भांडणं महागड्या वस्तूंवरून कमीच होतात. ती होतात आरशावरून, बागेतल्या दिव्यावरून. रंगाचे उरलेले डबे उपयोगी पडतील म्हणून ठेवायचे असतील तर खरेदीदाराची लेखी संमती घे. नाहीतर तो कचराच समजला जातो.

मी बोलून सांगणार होतो ते सगळं एका पानावर लिहून ओट्यावर ठेवू: मुख्य व्हॉल्व्ह कुठे, फिल्टरचं माप काय, ब्रेकरच्या पेटीतल्या कोणत्या स्विचवर काय. शेजारी दुरुस्तीची पैसे दिलेली बिलं, वॉटर हीटरचं परमिट आणि त्यावरची अंतिम मंजुरी. प्लंबरला त्या वेळी उभं करायची गरज नाही. त्याचं बिल बोलतं. सगळ्या किल्ल्या, टपालपेटीचीही, आणि गॅरेजचे दोन्ही रिमोट मात्र आपल्या एजंटाकडे द्यायचे. ते पैसे पोचेपर्यंत तिच्याकडेच राहतील.

फेरीची वेळ मी क्लोजिंगच्या आदल्या दिवशी दुपारी बारा सुचवलीय. सामान फेरीच्या आदल्या दिवसापर्यंत पूर्ण निघालेलं हवं, कारण सोफ्यामागची भिंत सोफा गेल्यावरच दिसते. क्लोजिंगच्या तासभर आधीची वेळ त्यांनी मागितली तर नाही म्हण. काही निघालं तर तीन वाटा असतात: तेवढ्यात दुरुस्त करणं, किंमतीत सूट देणं, किंवा थोडे पैसे टायटल कंपनीकडे, म्हणजे मालकीचे कागद तपासून व्यवहार पुरा करणाऱ्या कंपनीकडे, अडकवून ठेवणं. सूट द्यायची तर त्याच्या बँकेची मंजुरी लागते. क्लोजिंग डिस्क्लोजर, म्हणजे कर्ज आणि खर्चाचा अंतिम हिशेब, त्याला तीन कामाचे दिवस आधी मिळालेलं असतं. अशा सुटीमुळे ते तीन दिवस पुन्हा मोजावे लागत नाहीत, पण सुधारलेला कागद निघायलाच अर्धा दिवस जातो. पैसे अडकवून ठेवायला बऱ्याच बँका तयार नसतात, म्हणून त्यावर भिस्त नको.

आणि इथेच माझं खरं काम आहे. इथले दुपारचे चार म्हणजे उन्हाळ्यात तुमच्याकडे रात्रीचे दीड, हिवाळ्यात अडीच. त्या वेळी करारातल्या बदलावर सही कोण करणार? मुखत्यारपत्र माझ्या नावाने हवं, आणि त्यात नुसती डीडवर सही नको, तर करारात बदल करायचा आणि सूट मान्य करायचा अधिकार स्पष्ट लिहिलेला हवा. मजकूर आधी टायटल कंपनीला दाखवायचा. मग वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत नोटरीची वेळ घे. एका शिक्क्याला ५० डॉलर पडतात. पासपोर्ट ने, सही तिथे समोरच करायची, आधी करून नेऊ नकोस. मूळ प्रत कुरिअरने पाठव, फोटो चालत नाही.

फेरीच्या वेळी मी घरापासून दहा मिनिटांवर, फोन हातात घेऊन बसलेला असेन. किती रकमेपर्यंत सूट मी तुला न उठवता मान्य करायची, तो आकडा तुम्ही दोघांनी ठरवून मला लिहून कळवा. त्याच्या वर गेलं तर रात्री दोन वाजले असले तरी उठवेन.

मुखत्यारपत्राचा मसुदा टायटल कंपनीकडून आला की तुला धाडतो. वकिलातीची वेळ मात्र आजच बघायला लाग.

तुमचा,
धाकटा