शनिवारी अलार्मवाला येईल

पुणे, ११ ऑगस्ट २०२१

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

फोन असताना पत्र कशाला, असं बाबा म्हणतील. फोनवर तुम्ही स्पीकर लावता, आई मागून "सगळं ठीक आहे, तू जेवलीस का" म्हणते आणि विषय संपतो. पत्राला असं मधेच तोडता येत नाही.

आधी सांगून टाकते. आई, तुला वास येत नाही, म्हणून शनिवारी सकाळी स्वयंपाकघरात गॅसचा अलार्म बसवायला माणूस येणार आहे. पैसे भरून झालेत, त्याला दारातून परत पाठवू नका. सोबत एक इंडक्शनही येईल, दूध आणि चहापुरतं. शेगडी आहे तिथेच राहणार, आई. तुझ्या ओट्यावरचं काहीही हलणार नाही.

तुमच्याशी न बोलता ठरवलं, हे खरं. पण बोलले असते तर बाबांनी "बघू" म्हटलं असतं, आणि आपल्या घरातल्या "बघू"ची मुदत तुम्हाला माहीत आहे. पुण्याला या म्हटलं तर बाबा पार्लं सोडायचे नाहीत. मला इथली नोकरी सोडून येता येत नाही. मग उरतं काय? पंधरा ऑगस्टपासून दोन डोसवाल्यांना लोकल सुरू होतेय, तेव्हा येणं-जाणं जरा सोपं होईल. पण रात्री अकरा वाजता गॅसचं बटण अर्धवट उघडं राहिलं तर लोकलचा काय उपयोग?

त्या दिवशी दूध करपलं, ते मी मनाला लावून घेतलेलं नाही. माझं तर दर आठवड्याला करपतं. पण पातेलं काळं होईपर्यंत तू दोन हातांवर मेथी निवडत बसली होतीस, आणि मी बाहेरच्या खोलीतून धावत आले तर मलाच विचारलंस, "काय गं, काय झालं?" एप्रिलमध्ये कोरोनाचा ताप उतरला, ऑक्सिजन नीट राहिला, आपण नारळ फोडून मोकळे झालो. त्या गडबडीत नाक राहूनच गेलं. आणि तूही बोलली नाहीस.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पाणी प्यायला उठले होते. तू ओट्यापाशी उभी होतीस. हिंगाची डबी उघडलीस, नाकाशी धरलीस, दोनतीनदा जोरात श्वास घेतलास. मग झाकण घट्ट लावलंस, डबी पदराने पुसलीस आणि फळीवर ठेवून दिलीस. मी पाणी न पिताच परत जाऊन पडले.

आई, हे मनाचे खेळ नाहीत. वास आणि चव जाणं हे कोरोनाचं लक्षण आहे, असं गेल्या वर्षी जूनमध्ये आरोग्य मंत्रालयानेच यादीत घातलंय. सर्दीत नाक चोंदतं म्हणून वास आत पोचत नाही. यात नाक मोकळं असतं आणि तरी वास येत नाही. मी इथल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना विचारलं. नाकाच्या अगदी वरच्या भागात वास ओळखणाऱ्या चेतापेशी असतात आणि त्यांना सांभाळणाऱ्या आधारपेशी. विषाणूला पेशीत शिरायला एसीई-२ नावाचं प्रथिन लागतं. ते या आधारपेशींवर असतं, चेतापेशींवर जवळपास नसतंच. म्हणजे बाबा, तुमच्या भाषेत, गवई ठणठणीत आहे, तबलजी आणि पेटीवाला आजारी पडलेत. या पेशी पुन्हा तयार होतात. पुष्कळांचा वास काही आठवड्यांत येतो, काहींना महिने लागतात. तुझे महिने लागतायत, एवढंच.

आमटीचंही तेच. जिभेला आंबट, गोड, खारट, कडू कळतं. बाकी ज्याला आपण चव म्हणतो, ती बरीचशी घशामागून नाकात जाणाऱ्या वासाची असते. आमसुलाचा आंबटपणा तुला लागतो, गोडा मसाला लागत नाही, मग पदार्थ मिळमिळीत वाटतो आणि हात मिठाकडे जातो. बाबा ती आमटी मुकाट्याने खातात आणि वर "झकास" म्हणतात, हे मी पाहिलंय. बाबा, तुमचं बीपी आहे. तेव्हा आई, तूर्त मीठ चमच्याने मोजून घालायचं. तुझा अंदाज कधी चुकत नाही हे मला पाठ आहे. तरीही चमचा.

आता अलार्मचं. आपल्या पाइपच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम घाण वासाचं रसायन मिसळतात. म्हणजे सगळी भिस्त नाकावर. "मला येतो ना वास," असं बाबा म्हणणार. बाबा, तुमच्या नाकावर तपकिरीने किती वर्षं राज्य केलंय! शिवाय वयानेही वास कमी होतोच. वसईला आत्याकडे काय झालं ते मी पुन्हा लिहीत नाही.

पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका असतो, वर जातो. म्हणून अलार्म छताजवळ बसायला हवा. खाली बसवतात तो सिलिंडरवाल्यांचा. माणूस घाईत असला तर बाबा, समोर उभे राहून वर बसवून घ्या. अलार्म वाजला तर दिवा, पंखा, कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही. गॅसचा कॉक बंद, खिडक्या उघड्या, आणि फोन जिन्याखाली जाऊन करायचा.

आई, तुझ्यासाठी एक काम आहे. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या डॉ. हुमेल यांनी २००९ साली एक साधा व्यायाम मांडला: गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग. सकाळ-संध्याकाळ एकेक वास दहाएक सेकंद हलकेच घ्यायचा, निदान बारा आठवडे. ज्यांनी केला त्यांच्यात न करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारणा दिसली. आत्ता सुरू केलंस तर दिवाळीपर्यंत बारा आठवडे होतील. निलगिरीची बाटली देवघराच्या खालच्या कप्प्यात आहे, गुलाबाचं अत्तर पाठवतेय. हिंग पाचवा घे, पण पहाटे एकटीने त्याची परीक्षा बघत बसू नकोस.

वास येत नसला तरी तो कसा असायचा हे आठवायचं. ते तुला जमेल. लोकलमध्ये मी तुझ्या मांडीवर झोपलेली असायचे आणि तू हलवायचीस, "ऊठ, बिस्किटांचा वास आला." २०१६ साली कारखाना बंद झाला, तरी पुढे कितीतरी दिवस तू गॅलरीत उभी राहून "आज भट्टी लावलेली दिसतेय" म्हणायचीस. बाबा हसायचे. तसंच आठवायचं.

मधे कधी कांदा, लसूण, कॉफी यांना जळका किंवा सडका वास येऊ लागला तर घाबरून फोडणी ओतून देऊ नकोस, मला फोन कर. बऱ्याचदा ती सुधारणेच्या वाटेवर येणारी गोष्ट असते. शेजारच्या काकूंनी सांगितलेलं भाजलेलं संत्रं नको. टॉवेल घेऊन उकळत्या पाण्यावर वाकायचं नाही, पातेलं कलंडलं तर भाजेल. उरलेला नाकाचा स्प्रे कोणी दिला तरी घ्यायचा नाही. मंगळवारी संध्याकाळी डॉक्टरांची वेळ घेतलीय, बाबांनी सोबत जायचं.

फ्रिजमधल्या डब्यांवर तारीख लिहून चिकटवा. मंगलमावशींना मी सांगितलंय, निघताना दूध आणि डाळ हुंगून जा म्हणून. रागावू नकोस. स्वयंपाक त्या करणार नाहीत, तूच करणार. गणपतीला मी आदल्या दिवशीच येतेय. सारणात वेलची किती ते मी सांगेन, कळ्या मात्र तूच पाडायच्या. माझे मोदक अजून फुटतात.

तुमची,
चिमी

ता. क. बाबा, तपकिरीची डबी त्या अत्तराजवळ ठेवायची नाही.