एक्स-रे नॉर्मल आहे, पण अंगठ्याचं काय?

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं. गतिरोधकावर स्कूटर घसरली, कपाळ आपटून मान मागे गेली, आणि तिसऱ्या दिवसापासून डावा अंगठा नि तर्जनी बधिर. एवढं होऊनही 'एक्स-रे नॉर्मल आहे' म्हणून तू निर्धास्त! एक्स-रेत दिसतं ते हाड, आणि तेही सगळं नाही. बाजूने काढलेल्या फोटोत सातवा मणका खांद्यांच्या सावलीत पुष्कळदा लपतो. फिल्म उजेडात धरून सातही मणके मोजता येतात का बघ. येत नसतील तर तो फोटो अर्धाच म्हणायचा. बारीक फ्रॅक्चर सीटी स्कॅनमध्ये कळतं. मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली गेली का, ते एमआरआयमध्ये.

दुखतं किती यापेक्षा बधिर काय आहे, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मानेत मणके ७, पण नसांच्या जोड्या ८. अंगठा-तर्जनी म्हणजे बहुधा सहावी नस. ती पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधून निघते. मधलं बोट सातवीचं, करंगळी आठवीची. मात्र मुंग्या रात्री झोपेत वाढत असतील आणि हात झटकला की थांबत असतील, तर दोष मनगटातल्या नसेचाही असू शकतो. उलट डावा तळहात डोक्यावर ठेवल्यावर कळ कमी झाली, तर संशय मानेवरच.

आता ताकद बघ. दोन्ही मनगटं वर वाकवून घरातल्या कुणाला तरी खाली दाबायला सांग. मग कोपर सरळ करत भिंत ढकल. डावा हात उजव्यापेक्षा सहज हरला, तर एमआरआयसाठी आठवडा घालवू नकोस.

आणि एक, हे आजच करून बघ: मूठ पूर्ण मिटायची, पूर्ण उघडायची, १० सेकंदांत किती वेळा होतं ते मोजायचं. २०च्या आसपास व्हायला हवं. त्याहून बरंच कमी होत असेल, शर्टाची बटणं लागत नसतील, चालताना तोल जात असेल, मान खाली घातली की पाठीतून विजेसारखा झटका जात असेल, लघवी अडत असेल किंवा दोन्ही हातांची आग होत असेल, तर दाब नसेवर नाही, मज्जारज्जूवर असू शकतो. मग सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठ. आपल्या वयात मणक्यांची नळी आधीच थोडी अरुंद झालेली असते. अशा मानेला मागे हिसका बसला तर हाड न मोडताही मज्जारज्जू चेपतो, आणि गंमत म्हणजे पाय बरेचसे धड राहून हातच जास्त लुळे पडतात. बोलणं अडखळलं किंवा एकाचे दोन दिसू लागले, तरीही तसंच लगेच रुग्णालय गाठ. तेव्हा मानेतली रक्तवाहिनी फाटल्याची शंका घ्यायची.

तुझ्या न्हाव्याला मान 'मोडू' देऊ नकोस. हाडवैद्याकडेही नको, मालीश तर नकोच. पिळ्याने सरकलेली गादी जागेवर बसत नाही, आणखी सरकू मात्र शकते. गरम पाण्याची पिशवी बधिर भागावर ठेवू नकोस. चटका बसलेला कळणारच नाही.

पट्टा डॉक्टरांनी दिला असेल तर ते म्हणतील तितकेच दिवस. महिनाभर बांधून बसलास तर मानेचे स्नायू आळशी होतील. आणि पट्टा घालून गाडी चालवायची नाही, मागचं बघायला मान वळत नाही. कुशीवर झोपताना कान आणि अंथरूण यांमधली खांद्याएवढी जागा भरेल इतकी उशी घे. पालथं झोपणं बंद.

व्यायाम तपासण्या झाल्यावरच. हनुवटी खाली न झुकवता सरळ मागे ओढायची, ५ सेकंद धरायची, १० वेळा, दिवसातून तीनदा. कळ बोटांकडून मानेकडे सरकत गेली तर ठीक चाललंय. मानेकडून बोटांकडे उतरली तर थांब. गादीने दाबलेली नस बहुतेकांची ६ ते १२ आठवड्यांत शस्त्रक्रियेवाचून शांत होते. बधिरपणा मात्र दुखण्यापेक्षा उशिरा जातो, त्याने घाबरू नकोस.

एमआरआयच्या रिपोर्टात 'झीज' हा शब्द दिसेलच. पन्नाशीनंतर तो बहुतेकांच्या रिपोर्टात दिसतो. मला तो शब्द नको. कोणत्या दोन मणक्यांमध्ये आणि कोणत्या बाजूला दाब आहे, तेवढी ओळ उतरवून पाठव. सोबत मुठीचा आकडाही लिही.

तुझा,
अनंत