बाळ्या, त्या दोन सेकंदांबद्दल

प्रिय बाळ्या,

दिवाळीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही, दोनदा तुझा फोन वाजत असताना नुसता बघत बसलो. कारण तुला माहितीय. तुझ्या लाडक्या, ऐन तरुणपणी गेलेल्या मेक्सिकन बॉक्सर सांचेझबद्दल, "सांचेझ वेळेवर गेला म्हणून मोठा वाटतो, त्याला हरायला टाइमच मिळाला नाही" असं मी त्या रात्री बोललो आणि तू ताटावरून उठलास. बंड्याने मधे पडायचा प्रयत्न केला तर त्यालाही झापलं मी. तब्येत ठीक आहे, शुगर जरा वर होती, गोळी बदलली, आता बरंय.

आता लिहितोय कारण ताईचा छोट्या. मागच्या रविवारी त्याची बॉक्सिंगची बाउट होती, ४८ किलो, पॉइंटवर जिंकला. पण कसा जिंकला ते तू बघायला पाहिजे होतंस, पहिल्या राउंडपासून सरळ चालत पुढे, समोरच्याचे दोन खायचे आणि आपला एक द्यायचा, तिसऱ्या राउंडला तर गार्ड पार खाली. घरी आला तेव्हा डावा डोळा अर्धा बंद, आणि चेहऱ्यावर एवढा आनंद, म्हणतो "मामा, चावेझसारखा गेलो ना पुढे?" ताई पोळ्या लाटत होती, तिने लाटणं थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. बोलली काही नाही.

बाळ्या, त्या पोराला चावेझ, माझा लाडका मेक्सिकन बॉक्सर, मीच दिला. तो सहावीत असल्यापासून त्याला झोपवताना सांगायचो ना, कुलियाकानमध्ये रेल्वेच्या जुन्या डब्यात राहणारं मोठं कुटुंब, त्यातलं एक पोरगं १९८० मध्ये प्रो झालं आणि १९९४ पर्यंत हरलंच नाही, नव्वद फाइट्स, त्यात फक्त व्हिटेकरबरोबरची एक ड्रॉ (आणि ती ड्रॉ नव्हती, व्हिटेकर जिंकला होता, हे मी तुझ्यासमोर आधीच कबूल केलंय, आता परत काढू नकोस). अमेरिकन बॉक्सर हॉगनची गोष्ट तर त्याला तोंडपाठ आहे. हॉगन म्हणाला होता की चावेझने हरवलेले सगळे म्हणजे तिहुआनाचे टॅक्सी ड्रायव्हर, मग १९९३ ला एस्तादिओ अस्तेकामध्ये १ लाख ३२ हजार लोकांसमोर पाचव्या राउंडला चावेझने त्याला संपवलं, आणि नंतर तोच हॉगन म्हणाला, ते टॅक्सी ड्रायव्हर भलतेच दणकट असणार. छोट्या अजूनही यावर लोळून हसतो.

सोमवारी रात्री मी ठरवलं, याला आज चावेझची टेलरबरोबरची फाइट पूर्ण दाखवायची. मी नेहमी शेवटचाच दाखवायचो, यावेळी पहिल्यापासून लावली. १७ मार्च १९९०, लास व्हेगास. तू किती वर्षं हेच म्हणत होतास, आधीचे अकरा राउंड बघ, आणि मी म्हणायचो बघितलेत. नव्हते बघितले नीट, फक्त चावेझकडे बघितलं होतं. यावेळी टेलरकडे बघितलं. काय हात होते रे त्याचे! एक, दोन, चार, सहा, आणि बाजूला. ऑलिम्पिकचं सोनं उगाच नव्हतं. दोन जज्जांकडे तो बराच पुढे होता, उभा राहिला असता तरी जिंकला असता. पण आठव्या-नवव्यापासून त्याचा चेहरा बघ, ओठ सुजलेले, तोंडातून रक्त, आणि तरी तो चावेझसमोरून हलत नाही, त्यालाही उभं राहून मारायचंय. मग बारावा. शेवटी शेवटी तो उजवा, टेलर कोपऱ्यात खाली, उठतो, दोर धरतो, रेफरी रिचर्ड स्टील त्याला विचारतो ठीक आहेस का, आणि टेलर आपल्या कॉर्नरकडे बघतो, उत्तर देत नाही. दोन सेकंद उरले होते. स्टीलने थांबवली.

आपण या दोन सेकंदांवर किती वर्षं भांडलो? तू म्हणायचास रेफरीने चोरली, मी म्हणायचो रेफरीने जीव वाचवला. मी अजूनही स्टीलच्याच बाजूने आहे, ते सोडणार नाही. पण छोट्याने जे विचारलं ते आपण दोघांनी कधी विचारलंच नाही. तो म्हणाला, "मामा, टेलरचं पुढे काय झालं?" मी सांगितलं, हॉस्पिटलात नेलं, चेहऱ्याचं हाड मोडलं होतं, पोटात खूप रक्त गेलं होतं, नंतर परत चॅम्पियन झाला पण तो टेलर परत दिसला नाही. मग पुढच्या वर्षांतली त्याची एक मुलाखत लावली, त्याची जीभ जड झालीय त्यातली. छोट्याने लॅपटॉप बंद केला. आणि मग म्हणतो काय, "पण जिंकला तर चावेझच ना."

तेव्हापासून झोप नाही मला.

कारण त्याने चुकीचा चावेझ उचललाय. मी आयुष्यभर हेच ओरडतोय की चावेझ मार खाणारा नव्हता! त्याचं डोकं बघ ना, सारखं हलतंय, ठोसा दोन बोटांवरून जातो, पाय असे टाकतो की समोरच्याला रिंगच उरत नाही, मग डावा हुक लिव्हरवर. रोझारिओची फाइट, १९८७, लाइटवेटची, ती बघितली की कळतं, रोझारिओसारख्या ठोसे मारणाऱ्याला अकरा राउंडमध्ये त्याने सुटा सुटा केला. पण सोळा वर्षांच्या पोराला लांबून फक्त पुढे चालणं दिसतं. तेवढंच त्याने घेतलं, आणि आपल्या क्लबात सगळी पोरं त्यालाच "मेक्सिकन स्टाइल" म्हणतात. त्यांचा हिरो कानेलो, आजचा मेक्सिकन बॉक्सर. तो थोर आहेच, १६८ पाउंडात चारही बेल्ट घेणारा पहिला, पण मेवेदर, बिवोल आणि आता क्रॉफर्ड, ज्यांचे पाय हलतात त्यांच्यासमोर त्याला उत्तर सापडलं नाही. माझ्या यादीत तो पहिल्या पाचात नाही, मेक्सिकोच्याच मार्केझच्याही खाली. (मार्केझ म्हटलं की २०१२ ची ती रविवारची दुपार आठवते, पॅकियाओ तोंडावर पडला आणि तू बंड्याच्या आईच्या सोफ्यावर चहा सांडलास, तो डाग अजून आहे म्हणे.)

मग मी तीन रात्री एकटा बसून तुझा सांचेझ बघितला. सगळा. १९८० ला फिनिक्समध्ये डॅनी लोपेझला तेराव्या राउंडला संपवलं. १९८१ ला पोर्तो रिकोचा गोमेझ, तेव्हा त्या गोमेझच्या ३२ फाइट्स जिंकलेल्या आणि बत्तीसही नॉकआउट, मेक्सिकोच्या झाराटेलाही त्यानेच झोपवलेलं, म्हणजे सगळ्या मेक्सिकोचा राग त्या रात्री एका पोराच्या खांद्यावर होता. आणि पहिल्याच राउंडमध्ये गोमेझ खाली! सांचेझ घाई करत नाही, मागे सरकतो, बाजूला होतो, समोरच्याला मारू देतो आणि त्याच्या ठोशाच्या आत आपला घालतो. आठव्याला संपलं. मग २१ जुलै १९८२, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, ऐनवेळी आलेला अझुमा नेल्सन, कोणाला माहीत नसलेला, आणि तो असा लढला की पंधरावा राउंड लागला सांचेझला. पंधराव्या राउंडला सांचेझचे पाय पहिल्या राउंडसारखे आहेत बाळ्या. मी तीनदा मागे नेऊन बघितलं.

बावीस दिवसांनी तो पोर्शमध्ये गेला. २३ वर्षांचा.

आणि मी म्हणालो होतो की त्याला हरायला टाइम मिळाला नाही. हरला होता रे तो! १९७७ ला मासात्लानमध्ये, बेसेराकडून, अठरा वर्षांचा असताना, आणि त्या पराभवातून शिकूनच तसा झाला. ४४ जिंकल्या, एक हरला, एक ड्रॉ. मला हे आकडे पाठ होते तेव्हाही, तरी तसं बोललो, फक्त तुला गप्प करायला. माफ कर.

आणखी एक गोष्ट रात्री डोक्यात आली, सांचेझ चावेझपेक्षा फक्त साडेतीन वर्षांनी मोठा. १९८४ ला चावेझ १३० पाउंडचा चॅम्पियन झाला तेव्हा सांचेझ २५ चा असता, वजनही वाढवणारच होता. ती फाइट झाली असती. मी तुझ्याजागी असतो तर हेच म्हणालो असतो आणि तू कधीच म्हणाला नाहीस, का ते मला आता कळतंय, तुला त्याचं दुःख होतं आणि मी त्याचा स्कोअर मांडत होतो. त्या रात्री त्या वजनात सांचेझ जिंकला असता, बहुतेक पॉइंटवर. हे मी लिहून देतोय, ठेव जपून. पण सगळ्यात थोर मेक्सिकन कोण विचारशील तर माझं उत्तर चावेझच, चौदा वर्षं रोज तो भार उचलणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि त्यानंतर दारू-कोकेनमध्ये बुडून परत वर येऊन दुसऱ्या व्यसनी लोकांसाठी सेंटर काढणं, तेही मी त्यातच धरतो. तू भांड खुशाल.

आणि बंड्या! इतकी वर्षं बिचारा कोपऱ्यातून "फिनितो, फिनितो" करायचा आणि आपण त्याला भजी आणायला पाठवायचो. म्हणजे मेक्सिकोचा रिकार्डो लोपेझ, ५१ जिंकल्या, एक ड्रॉ, हरलाच नाही, हरायच्या आत थांबला. वजन १०५ पाउंड. किलोत कर. आपल्या छोट्याचं वजन! जॅब शाळेच्या पुस्तकासारखा, हात परत बरोबर हनुवटीपाशी, मार्केझचाच कोच, नाचो बेरिस्टाइन. आपण दोघं मोठ्या नावांत अडकलो आणि त्या पोराला उपयोगी पडेल असा माणूस बंड्याकडे होता.

तर आता ऐक. छोट्या माझं ऐकणार नाही, मी सांगितलं तर म्हणेल मामा घाबरला. तुझं ऐकेल, तू त्याच्यासाठी सांचेझवाला काका आहेस, आजवर त्याच्याशी चावेझविरुद्ध भांडणारा एकटा तूच. पुढची बाउट तीन आठवड्यांनी आहे. त्याआधीच्या शनिवारी ये. गोमेझची फाइट तू दाखव, नेल्सनचा पंधरावा तू दाखव, फिनितो बंड्याला दाखवू दे, मी चहा करतो आणि तोंड उघडत नाही.

आईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं असं वहिनींच्या स्टेटसवरून कळलं, त्यांना नमस्कार सांग, मी येऊन भेटतो. नवीन ऑफिस लांब पडतं का? धाकटीचं अ‍ॅडमिशन झालं का ते पण कळव.

ताई म्हणतेय तुला लिही की यंदाचं लोणचं बरं झालंय, बरणी बाजूला काढून ठेवलीय. शनिवारचं नक्की कर, मी छोट्याला अजून काही बोललेलो नाही.

तुझाच,
पम्या