रांग आपल्याकडेही आहे!

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

खासगी आरोग्यविमा आणि परदेशातल्या सरकारी व्यवस्था यांची तुलना करणारा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. ब्रिटनमध्ये गुडघा बदलायला लोक महिनोन्‌महिने ताटकळतात आणि आपल्याकडे कॅशलेस कार्ड दाखवलं की काम झालं, असं लेखकमहाशयांचं म्हणणं. ते कधी अ‍ॅडमिट झालेले दिसत नाहीत. देव करो नि ती वेळ न येवो.

ताटकळतात हे खरं आहे. माझी धाकटी बहीण लेस्टरला असते. गुडघ्यासाठी 11 महिने थांबली, दर रविवारी फोनवर एनएचएसचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, उद्धार ऐकलाय मी. पण घरी सोडताना तिच्या हातात बिल कुणी ठेवलं नाही.

आता आमचं ऐका. मार्चमध्ये ह्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी 10 वाजता डॉक्टर म्हणाले, जा घरी. ह्यांनी शर्ट-पँट चढवली, मी थर्मास आणि टॉवेल पिशवीत भरले. बाहेर पडलो संध्याकाळी साडेसातला. दिवसभर काउंटरवरच्या मुलीचं एकच पालुपद, ‘काकू, टीपीएचा मेल नाही आला अजून.’ टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणारी मधली कंपनी. डिस्चार्जची मंजुरी 3 तासांत द्यायची, उशिरामुळे वाढलेला खर्च विमा कंपनीने सोसायचा, असं इर्डाच्या, म्हणजे विमा नियामकाच्या, 2024 च्या परिपत्रकातच आहे. मुलाने ते मोबाइलवर काढून तिला दाखवलं. तिने वाचलं आणि म्हणाली, ‘हो का?’

आणि मंजुरी आली ती अशी. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला 5,000. त्या दिवशी तसली खोलीच शिल्लक नव्हती, म्हणून 8,000 ची घेतली. मला वाटलं, वरचे 3,000 आपण भरू. तर नाही! त्याच प्रमाणात सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ओटीचा खर्च, सगळ्यालाच कात्री. 45,000 रुपये तिथेच गेले. हातमोजे, कापूस, डायपर ‘नॉन-पेएबल’, ते वेगळेच. सर्जनने 8,000 च्या खोलीतला पेशंट म्हणून टाके जास्त बारीक घातले होते का, हे एकदा कुणीतरी सांगावं. आणि ही पॉलिसी आम्ही 19 वर्षं, एकही हप्ता न चुकवता भरतोय.

तक्रार केली. आधी कंपनीला लिहा, महिनाभर वाट बघा, मग विमा लोकपालांकडे जा. म्हणजे पुन्हा थांबाच! बहिणीला थांबायला पैसे तरी पडले नाहीत.

पैशाअभावी कुणी उपचारांवाचून राहू नये, हे आपल्याकडे आरोग्यव्यवस्थेसाठी सरकारने नेमलेल्या भोर समितीने 1946 सालीच लिहून ठेवलं होतं. एनएचएस सुरू झालं 5 जुलै 1948 ला. आपला कागद आधीचा, एवढंच म्हणायचं. तिकडे बायकांचं बाळंतपण असो की बड्या साहेबाचा हार्ट अ‍ॅटॅक, बहुतेकांना जावं लागतं सरकारी दवाखान्यातच. मग तिथली खाट मोडली तर बोंब होते. इथे बोंब मारू शकणारे आम्ही सगळे कार्ड घेऊन खासगीत. केईएमच्या ओपीडीत पहाटेपासून केसपेपरला उभ्या राहणाऱ्यांसाठी कोण बोलणार? मीही बोलले नव्हते, हे कबूल.

जाता जाता एक. ज्या पानावर हा लेख, त्याच्याच खाली अर्धं पान विम्याची जाहिरात. योगायोग असेल. आजी-आजोबा हसतायत आणि ‘संपूर्ण संरक्षण’ या शब्दांवर एक चांदणी. त्या चांदणीचा खुलासा तळाला इतक्या बारीक टाइपात छापलाय की भिंग घेऊनही मला वाचता आला नाही. मोतीबिंदू आहे दोन्ही डोळ्यांत. त्यावरही पॉलिसीत मर्यादा आहे.

आपली,
एक ज्येष्ठ वाचक, मुलुंड (पूर्व)